पाईनच्या फळीला दर उन्हाळ्यात चिकटा का सुटतो?

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. पॅकिंगच्या पेट्यांचं पाईन स्वस्तात मिळालं म्हणून शेल्फ, पलंग किंवा टीव्हीचं युनिट करून घेतलं. दिवाळीच्या तोंडावर पॉलिश झालं, हिवाळाभर झकास दिसलं. मार्च संपता संपता गाठींवर मधासारखे थेंब दिसायला लागले. पुस्तक ठेवलं की चिकटतं, फडकं फिरवलं की फडक्याचे तंतू तिथेच राहतात. सुताराला बोलावलं तर तो म्हणतो, "लाकूड जरा ओलं होतं, वाळलं की थांबेल." मग पॉलिश पेपर मारून वर आणखी एक हात देतो. पाऊस येतो, थंडी येते, सगळं ठीक असतं. पुढच्या एप्रिलला त्याच गाठीवर तोच थेंब.

सुतार थापा मारत नसतो. त्याचा हात सागावर आणि प्लायवर बसलेला असतो, आणि सागाला हे दुखणं नाही. सागात तेलकट अंश भरपूर, पण राळ वाहून नेणाऱ्या नळ्या त्यात नसतात. पाईनच्या लाकडात त्या उभ्या-आडव्या जागोजाग असतात. गाठीतून बाहेर येते ती ही राळ. लाकडाच्या ओलेपणाशी तिचं देणंघेणं नाही. फळी वर्षभर माळ्यावर वाळत ठेवली तरी पाणी तेवढं जाईल, राळ जिथल्या तिथे राहील. म्हणून "वाळलं की थांबेल" या भरवशावर काढलेला प्रत्येक उन्हाळा फुकट जातो.

झाडाचा रस आणि झाडाची राळ

झाडाच्या आत रस दोन वाटांनी फिरतो. मुळांनी ओढलेलं पाणी, त्यात विरघळलेले थोडे क्षार, हे लाकडातून वर पानांपर्यंत चढतं. पानांत तयार झालेली साखर घेऊन निघणारा दुसरा रस सालीच्या आतल्या कोवळ्या थरातून जिथे गरज असेल तिथे जातो. माडाच्या पोयीतून थेंब थेंब गळणारी नीरा या दुसऱ्या जातीची. कॅनडात मेपलच्या खोडाला भोक पाडून काढतात तो रस लाकडातलाच असतो, थंडी सरताना त्यात थोडी साखर उतरलेली असते. ती किती थोडी, तर जेमतेम दोन टक्के. एक लिटर पाक करायला सुमारे चाळीस लिटर रस आटवावा लागतो. म्हणजे रस म्हणजे मुख्यतः पाणी. तो झाडाच्या रोजच्या संसारातला.

राळ ही संसारातली नव्हे, पहाऱ्यातली. पाईनच्या लाकडात राळेच्या वेगळ्या बारीक नळ्या असतात. त्यांच्या भिंतीला जिवंत पेशींचं अस्तर असतं, त्या पेशी राळ तयार करून नळीत सोडतात आणि नळी दाबाखाली भरलेली राहते. खोडाला भुंगेऱ्यानं भोक पाडलं, फांदी मोडली, कुऱ्हाडीचा घाव बसला की त्या जागेच्या नळ्या फुटतात आणि राळ बाहेर पडून जखम बुजवते. किडा आत येत असेल तर तो तिच्यात बुडून मरतो, बुरशीलाही ती सोसत नाही. हवेवर आली की तिच्यातला उडून जाणारा भाग उडतो आणि उरलेली घट्ट होत जाते.

उत्तराखंड आणि हिमाचलात हे उघड्यावर बघायला मिळतं. तिथल्या चिडाच्या, म्हणजे तिकडच्या पाईनच्या, खोडाला खाचा पाडून खाली पन्हळीसारखा पत्रा आणि भांडं लावतात. भांड्यात जमणारी कच्ची राळ म्हणजे लिसा. खाचेतून महिनोन् महिने लिसा गळत असतो आणि वर झाड हिरवंगार असतं, कारण त्याचं पाणी दुसऱ्या वाटेनं चाललेलं असतं. हा लिसा कारखान्यात तापवला की त्याचे दोन भाग होतात. वाफ होऊन निघतं ते टर्पेंटाईन, साधारण १५ ते २० टक्के. मागे उरतो तो कडक, पिवळसर, काचेसारखा तुटणारा भाग म्हणजे रोझिन, साधारण ७० ते ७५ टक्के. तिकडे त्याला बिरोजा म्हणतात. जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर सोल्डरिंगसाठी जो पिवळा खडा असायचा, तो हाच. व्हायोलिनच्या गजाला घासतात तोही हाच.

आपल्या फळीच्या दुखण्याचं सगळं गणित या दोन भागांत आहे. रोझिन एकटं असेल तर ते घट्ट, खडखडीत. त्यात टर्पेंटाईन मुरलेलं असेल तर ते मधासारखं वाहतं. गाठीच्या पोटात अडकलेल्या राळेतलं टर्पेंटाईन वर्षानुवर्षं तिथेच कोंडलेलं राहतं, कारण बाहेरून आपण पॉलिशचे थर चढवून ठेवलेले असतात. हिवाळ्यात ती राळ थिजते, आपल्याला वाटतं बरं झालं. पुण्यात पारा ३८-४० ला पोचला, त्यात पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट फळीवर आलं की फळीचा पृष्ठभाग हवेपेक्षा बराच जास्त तापतो. गडद वॉलनट पॉलिश असेल तर आणखी. मग राळ पातळ होते, फुगते आणि जिथे फट सापडेल तिथून डोकं वर काढते. नागपूर-चंद्रपूरकडच्यांना तर यासाठी खिडकीतलं ऊनही लागत नाही.

आणि गाठच का? गाठ म्हणजे खोडात गाडलं गेलेलं फांदीचं बूड. फांद्या मोडणं, वाळणं, गळणं हे झाडाचं नेहमीचंच, त्यामुळे त्या जागी झाड राळेचा साठा करून ठेवतं. कुमाऊंत राळ मुरलेल्या चिडाच्या लाकडाच्या चिपा चूल पेटवायला वापरतात, त्यांना छिलुक म्हणतात. काडी लावली की भकाभक पेटतात. तुमच्या शेल्फच्या गाठीत थोड्याफार प्रमाणात तेच आहे.

तर फळीत रस असतो का? जवळजवळ नाहीच. साखरेचा रस सालीबरोबर आरा गिरणीतच गेला. लाकडातलं पाणी वाळवताना गेलं. जिवंत पाईनच्या बाहेरच्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनापेक्षाही जास्त पाणी असतं, ते सीझनिंगनंतर बारा-पंधरा टक्क्यांवर येतं. फर्निचरवाला मॉइश्चर मीटर लावून "बघा, बारा टक्के" असं दाखवत असेल तर तो खरं तेच दाखवतोय. फक्त मीटर पाणी मोजतं. राळेबद्दल ते काही सांगत नाही.

आधी खात्री करा की ही राळच आहे

चिकट दिसलं की राळ, असंही नाही. घरात पाईनचं सामान चिकट लागण्याची चार-पाच कारणं असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

टॉर्च तिरपा धरून गाठ जवळून पाहा. राळ सहसा गाठीच्या ऐन मध्यातून येत नाही. गाठीभोवती जी गडद तपकिरी कडा असते त्या कडेच्या फटीतून, नाहीतर गाठीवरच्या केसासारख्या भेगांतून ती येते. पॉलिशचा थर आधी टाचणीच्या डोक्याएवढा फुगतो, मग फुटतो आणि त्यातून थेंब बाहेर बसतो. ताजा थेंब पारदर्शक, फिकट मधाच्या रंगाचा. जुना झाला की वरून पांढुरका, आत अजून मऊ. नखानं उचलला तर तार सुटते. वास ओळखीचा: नव्या पॅकिंगच्या खोक्याचा, थोडा फिनेलकडे झुकणारा.

कधी गाठ नसतानाही फळीवर बोटभर लांबीची चिकट रेघ उमटते. तिथे लाकडाच्या दोन वर्षवलयांच्या मध्ये राळेचा चपटा कप्पा असतो. फळी रंधताना तो अर्धवट उघडा पडतो. हा प्रकार गाठीपेक्षा वाईट, त्याबद्दल पुढे.

खात्रीसाठी दोन बोळे पुरतात. एक कोमट पाण्यात भिजवलेला, एक स्पिरिटमध्ये. स्पिरिट नसेल तर कोविडच्या काळात आणलेली सॅनिटायझरची बाटली अजून कुठेतरी असेलच, तिनं काम होतं. पाण्याच्या बोळ्यानं थेंब हलला नाही आणि स्पिरिटच्या बोळ्यानं विरघळून बोळा पिवळट झाला, तर राळ. हा प्रयोग बाहेर आलेल्या थेंबावरच करा, आजूबाजूच्या पॉलिशवर नको. जुनं पॉलिश चपड्याचं, म्हणजे लाखेचं, असेल तर स्पिरिटमध्ये तेही सुटतं आणि निकाल फसवा येतो.

पाण्यानं पांढरट होऊन मऊ पडलं आणि ते सांध्याच्या रेषेवर आहे, तर तो दाबताना बाहेर आलेला फेविकॉल. ओल्या फडक्यानं आणि छिन्नीच्या कडेनं निघतो. सगळी फळीच चिकट आहे, गाठ असो नसो, तर दोष पॉलिशचा: थर जाड दिला, पहिला वाळायच्या आत दुसरा चढवला किंवा ऐन पावसाळ्यात काम केलं. तिथे राळेचा इलाज करून उपयोग नाही, थर उतरवून पुन्हा द्यावा लागतो. खाली बारीक पिठासारखा भुसा पडत असेल तर तो किडा. त्याचा चिकटपणाशी संबंध नाही, पण दुर्लक्षही करू नका.

पांढऱ्या रंगाच्या फर्निचरवर आणखी एक लक्षण दिसतं: थेंब नाही, चिकटपणा नाही, पण प्रत्येक गाठीच्या जागी पिवळट-तपकिरी चकती उमटते. रंगाचे आणखी दोन हात दिले तरी सहा महिन्यांत ती पुन्हा वर. हीही गाठीचीच करणी, फक्त राळ वाहत नाही, गाठीतले रंगीत घटक पाण्याच्या रंगातून वर झिरपतात. उपाय खाली दिलेलाच, फक्त तापवायची पायरी गाळा.

पेटीवरचा शिक्का काय सांगतो

"पण हे लाकूड तर हीट ट्रीटमेंट केलेलं आहे, शिक्का आहे त्यावर!" हे हमखास ऐकू येतं. शिक्का खरा असतो. गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, देशाची दोन अक्षरं, आकडे आणि शेवटी इंग्रजीत एचटी. परदेशातून येणाऱ्या पेट्या आणि पॅलेटमधून किडे आणि रोग दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून आयएसपीएम १५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्याचा हा शिक्का. नियमाची अट अशी की लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापमान सलग ३० मिनिटं राहिलं पाहिजे. अळ्या मरायला एवढं पुरतं.

राळ बसवायला, म्हणजे ती पुन्हा वाहू नये इतकी घट्ट करायला, एवढं पुरत नाही. त्यासाठी सीझनिंगच्या भट्टीत लाकूड आतपर्यंत ७१ अंशांच्या वर न्यावं लागतं आणि तिथे टिकवावं लागतं. एक इंची फळीला साधारण दिवसभर, जाड लाकडाला आणखी. यात टर्पेंटाईनचा मोठा भाग उडून जातो आणि मागे घट्ट रोझिन उरतं. ढोबळ नियम असा की भट्टीत लाकूड जितकं तापलं, त्याच्या खालच्या तापमानाला ती राळ पुन्हा सहसा वाहत नाही. अर्ध्या तासाच्या ५६ अंशांवर आलेली फळी आणि मे महिन्यातल्या उन्हात तापलेली गडद फळी यांच्यात फारसं अंतर उरत नाही, हे लक्षात घेतलं की शिक्का असूनही थेंब का येतो ते कळतं.

शिक्क्यावर एचटीच्या जागी एमबी असेल तर त्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. असं लाकूड मी घरातल्या सामानाला घेत नाही.

लाकूड विकत घेताना विचारायचा प्रश्न त्यामुळे "वाळलेलं आहे का?" हा नाही. "भट्टीत किती अंशांवर सीझन केलंय?" असं विचारा. गांधीधामकडून आलेलं आयात पाईन विकणाऱ्या मोठ्या वखारीत याचं उत्तर मिळू शकतं. पेट्या फोडून विकणाऱ्याकडे मिळणार नाही आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही करू नये, तो त्या भावात देतोय. तिथे आपला उपाय एकच: गाठी कमी असलेल्या फळ्या निवडणं, आणि ज्या गाठीला हात लावला की बोट चिकटतं ती फळी मागच्या बाजूला किंवा खालच्या कप्प्यात लावणं. देवदार म्हणून जे विकतात त्यातही बरंच पाईन असतं, तेव्हा नावावर जाऊ नका, गाठीचा वास घ्या.

आता इलाज

इलाजाची वेळ उन्हाळा. थंडीत गाठी गप्प असतात, कुठली गाठ फुटणार हे कळत नाही आणि तुम्ही सगळ्याच गाठींवर मेहनत करत बसता. एप्रिल-मेमध्ये थेंब स्वतःच पत्ता सांगतात. शिवाय शेवटी लावायचा चपडा पावसाळी हवेत पांढुरका पडतो, ती कटकट उन्हाळ्यात नसते.

सुरुवातीला थेंब काढायचा. तो मऊ असताना पॉलिश पेपरला हात लावू नका. पेपर दोन घासांत चोंदतो आणि राळ सगळ्या फळीभर पसरते. बर्फाचे खडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून थेंबावर पाच मिनिटं ठेवा. राळ कडक होते, मग छिन्नीची धार आडवी धरून टिचकी मारल्यासारखी उडवा. काचेच्या कपच्यासारखी ती निघून येते. बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि म्हणूनच थेंब परत येतो. आतला साठा तसाच असतो.

पुढची पायरी म्हणजे जे भट्टीत व्हायला हवं होतं ते गाठीपुरतं घरी करणं. गाठीवरचं जुनं पॉलिश खरवडून लाकूड उघडं करा. मग हॉट एअर गन वीतभर अंतरावरून गाठीवर फिरवत राहा, एका जागी धरू नका. थोड्या वेळात गाठीच्या कडेनं बुडबुडे यायला लागतात, राळ पातळ होऊन उकळल्यासारखी दिसते आणि टर्पेंटाईनचा वास खोलीभर पसरतो. ती जुन्या सुती फडक्यानं टिपा, पुन्हा तापवा, पुन्हा टिपा. आधी भरभर येते, मग कमी होते, शेवटी नुसता वास येतो आणि थेंब येत नाही. तिथे थांबा. लाकूड तपकिरी पडायला लागलं तर तुम्ही फार जवळ आहात. हेअर ड्रायरनं लहान गाठीचं काम होतं, पण वेळ लागतो आणि ड्रायरच्या मालकिणीचा विरोधही.

हे काम खिडक्या उघड्या ठेवून किंवा गच्चीत करा. राळ, टर्पेंटाईन, स्पिरिट सगळंच पेट घेणारं आहे. म्हणून क्रम काटेकोर पाळा: आधी सगळं तापवणं संपवा, लाकूड गार होऊ द्या, मगच स्पिरिटची बाटली उघडा. स्पिरिट पुसलेल्या जागेवर पुन्हा गन फिरवायचा मोह आवरा. आणि सुटे भाग घरच्या ओव्हनमध्ये घालून राळ बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, बंद पेटीत टर्पेंटाईनची वाफ कोंडणं म्हणजे आगीला आमंत्रण.

गार झाल्यावर गाठ आणि भोवतालचा इंचभर भाग स्पिरिटच्या फडक्यानं दोन-तीनदा पुसा, दर वेळी फडक्याची नवी बाजू घ्या. रंगाच्या दुकानात टर्पेंटाईन म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा पेट्रोलियमचं असतं, पाईनचं नव्हे. त्यानंही राळ निघते, पण मागे तेलकटपणा राहतो आणि वर काही लावायच्या आधी जास्त वाट पाहावी लागते. मला स्पिरिटच बरं वाटतं. पुसून वाळलं की १२० नंबरच्या पेपरनं, मग २२० नं हलका हात. आता पेपर चोंदत नसेल तर काम नीट झालंय असं समजा.

मग चपडा. जुन्या पॉलिशवाल्यांना हे सांगावं लागत नाही, गाठ दिसली की ते आधी चपड्याचा हात मारतात. चपड्याच्या थरातून राळ आणि रंग सहजी वर येत नाहीत, म्हणून जगभर गाठी बंद करायला लाखच वापरतात. गंमत अशी की लाख ही झाडाची राळ नाहीच, पळस-कुसुम-बोरीच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्याची ती निर्मिती. आपल्याकडे गोंदियाचा लाखेचा व्यापार त्यावरच उभा होता.

एक लिटर स्पिरिटला १५० ते २०० ग्रॅम चपडा टाकून रात्रभर विरघळू द्या. गाठीपुरतं काम असेल तर अर्थातच याच्या दशांश पुरे. साध्या चपड्यात थोडं मेण असतं. वर पुन्हा स्पिरिट पॉलिशच करणार असाल तर त्यानं बिघडत नाही. पण वर पीयू किंवा मेलामाइन देणार असाल तर ते मेणावर नीट धरत नाही, पापुद्रे निघतात. अशा वेळी बाटली दोन-तीन दिवस न हलवता ठेवा, मेण तळाला बसतं, वरचं नितळ द्रावण हलक्या हातानं दुसऱ्या बाटलीत काढून घ्या. किंवा मेण काढलेला चपडा मागा, मोठ्या दुकानांत मिळतो.

गाठीवर आणि भोवती इंचभर, पातळ हात द्या, तासाभरानं दुसरा. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ दोन-तीन केव्हाही चांगले. वाळल्यावर ३२० च्या पेपरनं नुसतं चोळा आणि मग वरचं फिनिश. पांढरा रंग देणार असाल तर चपड्याचाच पांढरा प्रायमर मिळतो, तो गाठीवर दोन हात द्या. पिवळ्या चकत्यांचा प्रश्न बहुतेक तिथेच संपतो.

एवढं करूनही एखादी गाठ पुढच्या मेमध्ये फुटतेच. तिचा साठा खोल असतो. पुन्हा तेच करा, दुसऱ्या वर्षी बरीच कमी निघते. पण राळेचा कप्पा असेल तर तापवण्याच्या नादाला लागू नका. कप्प्यातली राळ चमचाभरसुद्धा असू शकते आणि चपड्याचा थर तिला फार काळ अडवत नाही. छिन्नीनं तो कप्पा पूर्ण उघडा करून कोरून काढा, स्पिरिटनं आतून पुसा, चपडा द्या आणि त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा रेषा जुळवून बसवा. पुट्टी भरून चालत नाही, राळ तिला उचलून फेकते.

हाताला लागलेली राळ साबणानं जात नाही. आधी खोबरेल चोळा, राळ तेलात सुटली की मग साबण. कपड्याला लागली असेल तर स्पिरिट, पण आधी आतल्या शिवणीवर रंग जातो का ते बघा. वापरलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, गच्चीत दोरीवर मोकळी वाळत घाला आणि मग फेका.

झाडावर किंवा झाडाखाली चिकट दिसतंय त्यांच्यासाठी

पाईनच्या सामानाबद्दल लिहिलं की हा प्रश्न येतोच: "आमच्या दारातल्या झाडाचं काय?" थोडक्यात सांगतो, कारण इथेही पाण्याचा बोळा निम्मं काम करतो.

बाभूळ, धावडा, संत्रं, मोसंबी यांच्या सालीवर येतो तो डिंक. तो पाण्यात विरघळतो किंवा फुगतो, स्पिरिटमध्ये नाही. म्हणजे राळेच्या बरोबर उलट. संत्र्या-मोसंबीच्या बुंध्याजवळ साल उभी फाटून डिंक येत असेल तर तो डिंक्या, फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जीवाचा रोग. दोष बहुधा बुंध्याशी साचणाऱ्या पाण्याचा असतो. नुसता डिंक खरवडून तो बरा होत नाही. सडलेली साल निरोगी भागापर्यंत काढून जखमेवर बोर्डो पेस्ट लावतात: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं भिजवून एकत्र करायचं आणि त्याच दिवशी वापरायचं. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बुंध्याला जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत तीच पेस्ट. आळं असं करा की पाणी खोडाला टेकणार नाही.

आंब्याच्या खोडावर चिकट ओघळ आणि खाली लाकडाचा भुसा दिसला तर आत भिरूड आहे. भोक शोधून तारेनं अळी काढा, रॉकेलचा बोळा आत सारा, चिखलानं तोंड लिंपा.

गाडीवर पडणारे बारीक चिकट ठिपके तर बहुतेक वेळा झाडाचे नसतातच. पानांवरचे तुडतुडे, मावा किंवा पिठ्या ढेकूण झाडाचा गोड रस शोषतात आणि जास्तीची साखर थेंबाथेंबानं खाली सोडतात. कोमट पाण्यानं निघतं ते हे. पानं काळी पडलेली दिसत असतील तर त्याच साखरेवर काळी बुरशी वाढलेली असते. यावर गाडीवाल्यानं गाडी हलवावी आणि झाडवाल्यानं किड्यांचा बंदोबस्त करावा. फांदी तोडायला आलेल्या माणसाला मात्र परत पाठवा.

आणि आंब्याच्या देठातून उडणारा चीक पाण्यानं सहज जात नाही, कारण आंब्याच्याही अंगात राळेसारख्या नळ्या असतात आणि त्या चिकात पाणचट आणि तेलकट असे दोन भाग असतात. फळावर काळे डाग पाडतो तो तेलकट भाग, आणि ज्यांना काजूच्या टरफलाचं तेल किंवा बिब्बा उततो त्यांच्या कातडीला हाही उतू शकतो. देठ मोडताक्षणी जो फवारा उडतो त्यात त्याचा जोर सगळ्यात जास्त. कोकणातले बागायतदार दापोली कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्यानं आंबा देठासकट काढतात ते त्यासाठीच. घरच्या झाडाचा काढत असाल तर कात्रीनं दोन बोटं देठ ठेवून कापा, आणि देठ खुडायचाच असेल तर नंतर सावलीत, फळ उलटं धरून, चीक सालीवर न येता खाली पडेल असा.